काडतूस : कवचाचे निष्कासन

बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर इ. लहान शस्त्रांत वापरण्यासाठी गोळी, दारू व दारू पेटविणारी टोपी हे तीन घटक ज्या एका वेष्टनात बांधलेले असतात, त्या संपूर्ण वस्तूस काडतूस म्हणतात. आधुनिक काडतुसाचे वेष्टन बहुधा पितळेचे असते, त्यास कवच असे नाव आहे. शस्त्रातील ज्या पोकळीत काडतूस बसते, ती कोठी होय. बार उडाला म्हणजे गोळी नळीतून निघून जाते व दारू जळून जाते. मागे रिकामे कवच तेवढे राहते. ते कोठीबाहेर काढण्याच्या क्रियेस निष्कासन म्हणतात. कवच कोठीत घट्ट धरले गेले, तर शस्त्र पुन्हा भरता येत नाही आणि उत्तम बनावटीची बंदूकही त्या क्षणी निरुपयोगी ठरते. हा दोष मोठ्या व्यासाच्या शिकारी रिव्हॉल्व्हरमध्ये विशेष आढळतो, तथापि त्याचा इतिहास रिव्हॉल्व्हरपुरता मर्यादित नाही.

कवचाला परस्परविरोधी अशी दोन कामे करावी लागतात. बार उडताना त्याने फुगून कोठीच्या भिंतीला चिकटावे लागते, म्हणजे तप्त वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाहीत. गोळी नळीबाहेर पडताच त्याने आकसून भिंत सोडावी लागते. ही दोन्ही कामे बिनचूक करणारे कवच तयार करण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध खर्ची पडला. या घडामोडींचे पडसाद सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या इतिहासातही उमटले आहेत. जुन्या सातारा जिल्ह्यातून १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा करण्यात आला आणि २१ नोव्हेंबर १९६० पासून तो सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यामुळे पुढील विवेचनात त्या काळापूर्वीच्या घटनांसाठी दोन्ही जिल्ह्यांचा एकत्रित विचार केला आहे.

कागदी काडतूस व १८५७ : ठासणीच्या बंदुकीचे काडतूस म्हणजे दारू व गोळी भरलेली कागदाची सुरळी असे. शिपाई ती दातांनी फोडी, दारू नळीच्या तोंडातून आत ओती आणि उरलेला कागद गोळीसह गजाने ठासून बसवी. बार उडाल्यावर काढून टाकावे असे काही उरतच नसे, म्हणून निष्कासनाचा प्रश्नही उद्‌भवत नसे. १८५३ च्या नमुन्याच्या, ०·५७७ इंच व्यासाच्या एन्फील्ड बंदुकीची काडतुसे वंगण लावलेली होती. त्या वंगणात गाय व डुक्कर यांची चरबी असल्याच्या समजुतीने कंपनीच्या फौजेत जो असंतोष पसरला, तो सर्वविदित आहे. मीरत येथील उठाव १० मे १८५७ रोजी झाला.

सातारच्या उठावाची मुळे मात्र काडतुसापेक्षा खोल होती. छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ मध्ये पदच्युत करण्यात आले व १८४८ मध्ये राज्य खालसा झाले. प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी इंग्‍लंडमध्ये अनेक वर्षे घालविली. तेथे दाद न लागल्याने स्वदेशी परतल्यावर त्यांनी सातारा परिसरात गुप्त जमवाजमव केली. कट उघडकीस आला. रंगो बापूजी निसटले, पण त्यांच्या सहकाऱ्यांपैकी १७ जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी सातारा येथील गेंडा माळावर देहान्त शासन देण्यात आले. काहींना फाशी देण्यात आली, काहींना तोफेच्या तोंडी देण्यात आले आणि काहींना गोळ्या घालण्यात आल्या. शेजारच्या कोल्हापूर येथे २७ व्या मुंबई पायदळ पलटणीने ३१ जुलै १८५७ रोजी बंड केले होते. या घटनांनंतर शस्त्रे व दारूगोळा प्रजेच्या हाती राहू न देण्याचे धोरण सरकारने निश्चित केले.

धातूचे कवच : ज्या वर्षी कागदी काडतूस हिंदुस्थानात वादाचा विषय झाले, त्याच वर्षी, म्हणजे १८५७ मध्ये, अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन या संस्थेने धातूच्या कवचाचे काडतूस वापरणारे लहान रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचा व्यास ०·२२ इंच होता. त्यापूर्वी फ्रान्समध्ये लफोशो याने खिळीवर आघात करून पेटणारे काडतूस प्रचारात आणले होते. ब्रिटिश सैन्याने १८६६ मध्ये एन्फील्ड बंदुकीत फेरफार करून मागून भरण्याची स्नायडर बंदूक स्वीकारली. तिच्यासाठी वुलिच येथील शासकीय प्रयोगशाळेचे कर्नल बॉक्सर यांनी पातळ पितळी पत्रा गुंडाळून, त्याला लोखंडी बूड जोडून कवच तयार केले. मुंबई इलाख्यात पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. सातारा व सांगली या भागांना सर्वांत जवळचा असा हा मोठा कारखाना होय.

गुंडाळलेल्या पत्र्याच्या कवचातील उणीव १८७१ च्या मार्टिनी-हेन्‍री बंदुकीत प्रकर्षाने दिसून आली. वारंवार बार काढल्याने कोठी तापे, पातळ पत्रा भिंतीला चिकटे आणि निष्कासकाचा जोर बसताच बूड निखळून येऊन उरलेला भाग आतच राही. सूदानमधील अबू क्लेआ येथील लढाईत (१७ जानेवारी १८८५) अनेक सैनिकांच्या बंदुका कवच अडकल्याने ऐन चकमकीत बंद पडल्या. त्यानंतर एकसंध पितळेच्या चकतीपासून दाबून व ओढून तयार केलेले कवच सर्वत्र वापरात आले. सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेले पितळ या कामासाठी सर्वांत योग्य ठरले. ०·३०३ इंच व्यासाचे काडतूस याच पद्धतीचे होते आणि खडकीच्या कारखान्याने त्याचे उत्पादन दीर्घकाळ केले.

पावसाळा व पितळ : ओढकामाने तयार झालेल्या कवचात एक नवा दोष हिंदुस्थानातच प्रथम ठळकपणे लक्षात आला. पावसाळ्यात साठवून ठेवलेल्या काडतुसांच्या कवचांना, विशेषतः गोळी धरणाऱ्या मानेपाशी, न वापरताच तडे जात. पावसाळा संपला म्हणजे हा उपद्रव थांबे. त्यामुळे या दोषाचे इंग्रजी नावही ऋतूवरूनच पडले. मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. ओढकामामुळे पितळेत ताण शिल्लक राहतो. दमट हवेत अमोनियाचा अल्पसा अंश असला, तरी अशा ताणलेल्या पितळेला कणसीमांवर भेगा पडतात. घोड्यांच्या पागेजवळ काडतुसे ठेवण्याच्या प्रघातामुळे अमोनिया सहज उपलब्ध होत असे. कवच तयार झाल्यावर ते मंद उष्णतेने तापवून ताण घालविणे आणि काडतुसे पागा, गोठे व खते यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवणे, हे त्यावरील उपाय होत.

सातारा व सांगली यांच्या पश्चिम पट्ट्याला हा मुद्दा विशेष लागू पडतो. महाबळेश्वर, जावळी, पाटण व शिराळा हा घाटमाथ्याचा भाग अतिवृष्टीचा आहे, तर माण, खटाव, आटपाडी व जत हे तालुके अवर्षणग्रस्त आहेत. एकच काडतूस माणदेशात वर्षानुवर्षे सुस्थितीत राहील, परंतु कोयनेच्या खोऱ्यात गोठ्यालगतच्या खोलीत ठेवल्यास दोन-तीन पावसाळ्यांत निकामी होऊ शकेल. तडा गेलेले कवच बार उडताना फाटते, वायू भेगेतून कोठीच्या भिंतीवर जातात आणि फाटलेल्या कडा भिंतीत रुतून निष्कासन अवघड होते.

शिकार व रिव्हॉल्व्हर : एकोणिसाव्या शतकात वाघाच्या शिकारीत जवळून बचाव करण्यासाठी हौद्याचे पिस्तूल वापरीत. हत्तीवरील हौद्यावर वाघाने झेप घेतल्यास त्याला हातभर अंतरावरून थोपविणे, हा त्याचा उद्देश होता. म्हणून त्याला दोन किंवा चार नळ्या असत व त्यांचा व्यास ०·५० ते ०·५७७ इंच असा मोठा असे. सह्याद्रीच्या चढउतारांच्या रानात हत्तीवरून शिकार करणे सोयीचे नव्हते. येथे हाका घालून किंवा मचाणावर बसून शिकार होई. जखमी जनावराच्या मागावर दाट झाडीत शिरताना मात्र कमरेला लावण्याजोगे जड शस्त्र उपयोगी पडे. याच गरजेतून मोठ्या व्यासाचे रिव्हॉल्व्हर शिकाऱ्यांच्या सामानात आले.

रिव्हॉल्व्हरमध्ये फिरत्या सिलिंडरात पाच किंवा सहा कोठ्या असतात. रिकामी कवचे काढण्याच्या तीन पद्धती प्रचारात आल्या. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरमध्ये नळीखालच्या दांडीने एकेक कवच मागे ढकलीत. स्मिथ अँड वेसनच्या १८७० च्या नमुन्यात व ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये स्वीकारलेल्या वेब्‌ली रिव्हॉल्व्हरमध्ये बिजागरीवर शस्त्र मोडले, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा निष्कासक सर्व कवचे एकदम उचली. तिसऱ्या पद्धतीत सिलिंडर बाजूला काढून पुढील दांडी तळहाताने दाबतात. कोल्टने १८८९ मध्ये रूढ केलेली ही पद्धत पुढे सर्वाधिक प्रसार पावली.

या तिन्ही पद्धतींत एक मूलभूत मर्यादा आहे. खटक्याच्या रायफलीत दांडा वर उचलताच तिरप्या कडेमुळे कवचाला प्रथम अल्प पण जोरदार ओढ बसते व ते भिंतीपासून सुटते. रिव्हॉल्व्हरमध्ये अशी यांत्रिक मदत जवळजवळ नसते. बिजागरीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तरफेचा थोडा लाभ मिळतो, बाजूला निघणाऱ्या सिलिंडरात तेवढाही मिळत नाही. शिवाय सहाही कवचे एकाच वेळी ढकलावी लागत असल्याने एकाचे घर्षण सहापट होऊन हाताला जाणवते. वेब्‌लीच्या ०·४५५ इंची काडतुसात दाब कमी असल्याने ही उणीव फारशी भासली नाही. १९३५ मध्ये ०·३५७ व १९५५ मध्ये ०·४४ इंची मॅग्नम काडतुसे आली, तेव्हा तिचे स्वरूप बदलले. ०·४४ मॅग्नममधील दाब चौरस इंचास सुमारे ३६,००० पौंडांपर्यंत असतो. २००३ मध्ये आलेल्या ०·५०० इंची काडतुसात तो सुमारे ६०,००० पौंडांपर्यंत जातो.

कवच अडकण्याची कारणे : बार उडताना पितळेचे कवच व पोलादी कोठी दोन्ही प्रसरण पावतात. दाब उतरताच पोलाद पूर्ववत होते. पितळ आपल्या स्थितिस्थापकतेइतकेच मागे येते. पितळेचे आकसणे कोठीच्या आकसण्यापेक्षा जास्त असेल, तर दोहोंमध्ये बारीक फट राहून कवच सहज निघते. कमी असेल, तर आकसणारी कोठीच कवचाला चिमटीत धरते. मोठ्या व्यासाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कोठ्यांमधील व बाहेरील भिंती पातळ राहतात. त्यामुळे अतिदाबाखाली कोठी अधिक ताणली जाते व नंतर अधिक आकसते. मऊ पितळ कमी दाबातच कायमचे फुगते आणि थोडेच मागे येते, म्हणून फाजील तापवून मऊ केलेले कवचही अडकते.

दाबाखेरीज इतरही कारणे संभवतात. कोठी खडबडीत असणे, गंजलेली असणे किंवा यंत्रकामाच्या रेघा तीत राहिलेल्या असणे, हे एक कारण होय. आखूड काडतुसे लांब कोठीत दीर्घकाळ वापरल्यास त्यांच्या तोंडापुढे काजळी व शिसे यांचे कडे साचते. पुढे पूर्ण लांबीचे काडतूस घातले, म्हणजे ते त्या कड्यात अडकते. अनेकदा भरलेले, झिजलेले किंवा तडा गेलेले कवच, तसेच उन्हात तापलेली काडतुसे यांमुळेही हाच परिणाम होतो.

दोष शोधताना साध्या कारणापासून सुरुवात करणे इष्ट असते. प्रथम शस्त्र पूर्णपणे रिकामे असल्याची खात्री करून कोठ्या स्वच्छ करतात. त्यानंतर काडतूस ठरावीक एकाच कोठीत अडकते की सर्व कोठ्यांत, हे पाहतात. एकाच कोठीत अडकत असल्यास दोष त्या कोठीचा समजावा. सर्व कोठ्यांत, पण एकाच प्रकारच्या काडतुसाने अडकत असल्यास संशय काडतुसावर जातो. टोपी चपटी होणे वा तिच्या कडा सपाट पसरणे, हे अतिदाबाचे लक्षण असू शकते. अशी लक्षणे दिसल्यास ती काडतुसे वापरणे तत्काळ बंद करावे, कारण कवच अडकणे ही पुढील धोक्याची सूचना असते. अडकलेल्या कवचावर हातोडीने घाव घातल्यास निष्कासकाचा तारा वाकतो आणि कोठीला ओरखडे पडून दोष कायमचा होतो. कोठी घासून गुळगुळीत करण्याचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे लागते.

काडतूस व प्रतिसरकार : १८७८ च्या हिंदी शस्त्र अधिनियमाने शस्त्राबरोबर दारूगोळाही परवान्याच्या कक्षेत आणला. बंदूक एकदा मिळाली, तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, काडतूस मात्र वापरताच संपते. म्हणून काडतुसांवरील नियंत्रण हे प्रत्यक्षात बंदुकीवरील अधिक परिणामकारक नियंत्रण होते. ठासणीच्या बंदुकीची दारू गावात तयार करता येई. ओढकामाचे पितळी कवच आणि आघाताने पेटणारी टोपी यांसाठी कारखाना लागे व तो सरकारच्या हाती होता.

या परिस्थितीचा खरा अर्थ १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात प्रत्ययास आला. वडूज येथे ९ सप्टेंबर १९४२ रोजी व इस्लामपूर येथे त्यानंतरच्या दिवशी निःशस्त्र मोर्च्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात अनेकांना हौतात्म्य आले. त्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूमिगत चळवळीतून प्रतिसरकार उभे राहिले. त्याची सशस्त्र शाखा तूफान सेना ही होती. जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी प्रभृती तिच्याशी निगडित होते. शस्त्रे मिळविण्याचे मार्ग मोजकेच होते. २४ जुलै १९४३ रोजी वसंतराव पाटील व त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगातून निसटले. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव यांना वीरमरण आले व वसंतराव गोळी लागून जखमी झाले. नाना पाटील यांच्या कन्या हौसाबाई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याकडून मारहाण होत असल्याचा बनाव रचला. पोलीस मध्यस्थीसाठी बाहेर येताच सहकाऱ्यांनी ठाण्यातील बंदुका व काडतुसे पळविली. १९४४ मध्ये हौसाबाईंनी पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातील भूमिगत कार्यातही भाग घेतला.

अशा रीतीने हाती आलेली शस्त्रे एका जातीची असणे शक्य नव्हते. त्या काळी हिंदुस्थानातील पोलिसांकडे ०·३०३ ची रायफल असे. त्याशिवाय तिच्यापासूनच इशापूरच्या कारखान्यात बदलून केलेली ०·४१० ची एकबारी बंदूकही असे. दुसरीच्या काडतुसाचे कवच पहिल्याच्या कवचापासून, मानेचा निमुळता भाग वगळून, तयार केलेले होते. दोन्ही बंदुका दुरून सारख्याच दिसत, परंतु एकीची काडतुसे दुसरीत चालत नसत. सावकार व जमीनदारांकडील परवान्याच्या बंदुका प्रामुख्याने बारा बोअरच्या असत. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांचे माप आणखी वेगळे असे. त्यामुळे बंदूक मिळविणे हे निम्मेच काम होते, तिच्या मापाची व सुस्थितीतील काडतुसे मिळाली, तरच ते पुरे होई. उसाच्या फडात, गोठ्यात किंवा कडब्याच्या गंजीत लपविलेली काडतुसे पावसाळ्यात याच दमट व अमोनियायुक्त हवेत राहतात, हे वर सांगितलेच आहे. नियमित सैन्यात अडकलेल्या कवचावर बदली शस्त्र हा उपाय असतो. मोजकी शस्त्रे असलेल्या भूमिगत तुकडीला तो उपलब्ध नसतो. २५ फेब्रुवारी १९४५ रोजी शिराळा भागातील मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहीर व नानकसिंग हे धारातीर्थी पडले. प्रतिसरकारचे कार्य १९४६ पर्यंत चालू राहिले. ते शस्त्रबळापेक्षा गावोगावच्या आश्रयावर व न्यायदान मंडळांवर अधिक विसंबून होते. काडतुसांच्या दुर्भिक्षाचा विचार करता तसे असणे अपरिहार्यही होते.

स्वातंत्र्योत्तर काळ : १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने १८७८ च्या अधिनियमाची जागा घेतली. नागरिकांसाठी कानपूर येथील शासकीय कारखान्यात ०·३२ इंची रिव्हॉल्व्हर तयार होऊ लागले. त्याच्या काडतुसातील दाब कमी असल्याने कवच अडकण्याचे प्रसंग सहसा येत नाहीत. आले, तर ते बहुधा अस्वच्छता किंवा जुनी काडतुसे यांमुळे येतात. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नंतर शिकारीसाठी मोठ्या व्यासाच्या रिव्हॉल्व्हरला या भागात प्रयोजन उरले नाही. पूर्वीच्या शिकारीच्या रानांपैकी चांदोली येथे १९८५ मध्ये अभयारण्य व २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. कोयना व चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. खडकीचा दारूगोळा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीकडे आहे. कवच दाबून व ओढून तयार करण्याची मूळ पद्धत आजही तीच असून प्रत्येक टप्प्यानंतर पितळ तापवून त्यातील ताण काढावा लागतो.